वत्सलाताईंना दिलेलं उत्तर

मोजणीदार गप्प झाले आहेत, हे हर्षदा कोरेच्या लक्षात यायला एकोणीस दिवस लागले. याचं तिला पुढे फार वाईट वाटलं. पण तेव्हा मनात एवढंच आलं, की म्हातारा माणूस, तब्येत बरी नसेल.

मिरजेत तिचं श्रवणकेंद्र होतं. ऐकू कमी येणाऱ्यांचे कान तपासायचे, यंत्र बसवायचं आणि ते सवयीचं होईपर्यंत माणसाला धीर द्यायचा, हे तिचं दिवसभराचं काम. दोन पेशंटच्या मधल्या फटीत ती ‘पाचवं पान’ उघडून बघायची. पोकर खेळणाऱ्या मराठी माणसांचा तो ऑनलाइन कट्टा होता आणि गेली सहा वर्षं ती त्याची ॲडमिन होती. पैसे लावायला तिथं पहिल्यापासून बंदी होती, सगळा खेळ गुणांवर चालायचा. आणि खरं सांगायचं तर खेळापेक्षा लोक यायचे ते खेळानंतरच्या बोलण्यासाठी.

पोकरमध्ये प्रत्येकाकडे दोन पानं झाकलेली असतात आणि टेबलावर सगळ्यांची म्हणून पाच पानं हळूहळू उघडत जातात. प्रत्येक टप्प्यावर गप्प राहायचं, पैज लावायची की पानं टाकून मोकळं व्हायचं, हे ठरवावं लागतं. समोरच्याची पानं दिसत नाहीत, फक्त त्याची वागणूक दिसते. कुणीतरी आपला असा एखादा डाव लिहून विचारायचं, “मी इथं काय करायला हवं होतं?” मग दोन-तीन दिवस त्यावर चर्चा चालायची.

मोजणीदार म्हणजे निपाणीचे त्र्यंबक पोतनीस. सगळी नोकरी जमिनीची मोजणी करण्यात गेली, म्हणून कट्ट्यावर त्यांनी तेच नाव घेतलं होतं. हर्षदा तेरा वर्षांपूर्वी तिथं आली तेव्हा तिचे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले होते. दुपारी ते झोपले, की घरात तास-दोन तास नुसती शांतता असायची. त्या वेळेत ती पत्ते शिकली. पहिला डाव लिहून तिने विचारलं, माझं कुठं चुकलं? बाकीच्यांनी पटापट सांगून टाकलं. पोतनीसांनी मात्र उलट तिलाच विचारलं, की समोरच्याच्या हातात काय असेल असं तुला वाटलं, आणि कशावरून? त्याचं उत्तर द्यायला तिला दोन दिवस लागले. पुढची चार वर्षं ती त्यांच्याशी वाद घालत होती. प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही. वडील गेले तेव्हा त्यांचा फोन आला होता, फार काही न बोलता ते थोडा वेळ लाइनवर थांबले होते.

आता तिने त्यांचं शेवटचं लिखाण काढून पाहिलं. कुणाच्या तरी डावाखाली दोनच शब्द होते, “बरोबर आहे.”

मग ती बाकीची नावं चाळायला लागली. पाच वर्षांपेक्षा जुनी, जाणती अशी बासष्ट माणसं एके काळी कट्ट्यावर नेमाने लिहायची. आता त्यांतली नऊ उरली होती. कुणी भांडून गेलं नव्हतं, कुणी निरोपही घेतला नव्हता. लग्नघरातून पाहुणे पांगावेत तशी माणसं पांगली होती, आणि मांडवात आपण एकटेच उरलोय हे तिला आत्ता कळत होतं.

*

कुणालाही विचारलं असतं तर त्याने ‘तोल’कडे बोट दाखवलं असतं.

तोल हा प्रोग्राम आता प्रत्येकाच्या फोनमध्ये होता. त्याच्यामागची युक्ती जुनीच, पण पूर्वी तिला मोठाली संगणककेंद्रं लागायची. यंत्र स्वतःशीच पत्ते खेळतं. सुरुवातीला अगदी आंधळेपणाने. प्रत्येक डाव संपला, की ते मागे जातं आणि न खेळलेली एकेक चाल तपासतं. इथं गप्प न राहता पैज लावली असती तर किती बरं झालं असतं? जेवढं बरं झालं असतं तेवढा त्या चालीच्या नावावर पश्चात्ताप जमा होतो. शास्त्रज्ञांनी वापरलेला शब्दच तो आहे. पुढच्या वेळी ज्या चालीबद्दल पश्चात्ताप जास्त, तिकडे यंत्र जास्त झुकतं. असे अब्जावधी डाव झाले, की सगळ्या चालींची सरासरी एका ठिकाणी येऊन स्थिरावते. तिथं आपली चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही. त्या स्थितीला समतोल म्हणतात. आता हे गणित एका चिमुकल्या चिपवर मावत होतं आणि उत्तर क्षणात मिळत होतं.

त्यामुळे कट्ट्यावर कुणी डाव लिहिला, की चार मिनिटांत कुणीतरी तोलचं उत्तर आणून चिकटवायचं. विचारणारा आभार मानायचा आणि विषय संपायचा. उत्तर चूक नसायचं, त्यामुळे कुणाला काही बोलता येत नसे.

एप्रिलमध्ये ऋजुता वाळिंबे नावाची एक संशोधक पुण्याहून मुद्दाम मिरजेला आली. वय तिशीच्या आसपास, बोलणं नेमकं. अनुभवी माणसं ऑनलाइन समूह का सोडून जातात, यावर तिचा अभ्यास चालू होता. बागकाम करणाऱ्यांचा एक गट, जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांचा एक आणि आता पोकरवाल्यांचा. तिने ‘मागोवा’ नावाचा प्रोग्राम तयार केला होता. समूहाचं वर्षानुवर्षांचं सगळं लिखाण तो वाचायचा. कोण काय म्हणालं यापेक्षा कुणाचं लिहिणं कसं बदलत गेलं यावर त्याचं लक्ष असायचं. वाक्यं किती लांब, दोन लिखाणांत किती दिवसांचं अंतर, कोणते शब्द येईनासे झाले. आधी गेलेल्यांच्या खुणा शिकून तो अजून न गेलेल्यांबद्दल अंदाज सांगायचा. दहातले आठ अंदाज खरे ठरत होते.

हर्षदाने विचारलं, तोलमुळेच जातात ना सगळे? ऋजुता म्हणाली, घड्याळवाल्यांकडे कुठलाही तोल नाही, तरी तिथंही जातात. भांडणाने जाणारे थोडे. बहुतेकांचं एकच होतं. आधी ते स्वतः प्रश्न विचारायचे थांबतात. त्यानंतर सरासरी चौदा महिने ते फक्त उत्तरं देत राहतात. उत्तरं आखूड होत जातात आणि मग एक दिवस थांबतात.

“माणूस दिसेनासा होतो त्याच्या वर्षभर आधीच तो निघालेला असतो,” ती म्हणाली. “आपल्याला कळतं ते शेवटी.”

मग तिने तिचा पुढचा प्रस्ताव मांडला. मागोवाला माणसाची ओढ कशात आहे तेही ओळखता येत होतं. कुणाला कशा प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही, हे त्याला ठाऊक होतं, आणि तसा प्रश्न विचारणारा नवखा सदस्य तो स्वतःच रचू शकत होता. तिला कट्ट्यावर असे पाच नवागत सोडून पाहायचे होते. संस्थेच्या समितीची परवानगी होती, ॲडमिनची संमती हवी होती. सहा महिन्यांनी सर्वांना खरं सांगायचं, अशी अट कागदावरच होती.

हर्षदाने दोन दिवस मागून घेतले. हे बरोबर नाही, एवढं तिला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. पण रोज संध्याकाळी ती कट्टा उघडायची आणि तिथं सामसूम असायची. तेरा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी या जागेने तिला सावरलं होतं. ती आपल्या हाताखाली बंद पडावी, हे तिला सोसेना. तिसऱ्या दिवशी तिने सही केली.

*

पाच नवागतांपैकी एक होती बार्शीची वत्सला कापसे. सरकारी इस्पितळात चौतीस वर्षं परिचारिका, आता निवृत्त, वय एकसष्ट. तिने पहिल्याच दिवशी लिहिलं, की आयुष्यभर पेशंटचे चेहरे वाचले, इथं तर चेहराच दिसत नाही, मग वाचायचं काय? तोलचं उत्तर कुणीतरी लगेच चिकटवलं. त्यावर तिने लिहिलं, हे उत्तर मला समजलं, पण पटलं नाही. मला कुणीतरी माणसाच्या भाषेत सांगा.

अकराव्या दिवशी मोजणीदार परत आले.

त्यांनी चार परिच्छेद लिहिले. चेहरा नसला तरी वेळ असतो, समोरचा केव्हा थांबतो, केव्हा घाई करतो, मोजणीच्या वेळी बांधावर उभी राहिलेली दोन भावकीतली माणसं कशी ओळखू यायची, असं सगळं. वत्सलाबाईंनी त्यातला एक मुद्दा उचलून धरला आणि दुसऱ्यावर हरकत घेतली. पोतनीसांनी त्याला उत्तर दिलं. दोन आठवड्यांत ते दोघं ‘वत्सलाताई’ आणि ‘पोतनीस साहेब’ झाले, आणि त्यांचा वाद वाचायला बाकीचे यायला लागले. बाकीच्या चार नवागतांनीही आपापली माणसं ओढून आणली. अकोल्याचा एक बँकवाला, कुडाळचे दोघे भाऊ, नागपूरच्या एक वकीलबाई. जुलैअखेर जुन्या बासष्टांपैकी सव्वीस परत लिहू लागले होते.

हर्षदा खूश होती. पेशंटच्या कानातलं यंत्र जुळवतानाही तिच्या चेहऱ्यावर हसू असायचं. खोटं पाच जणांचं आहे, पण सव्वीस जण तर खरे आहेत ना, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. कट्ट्यावर दोघांत जे खासगी बोलणं चालायचं ते ॲडमिनला दिसत नसे. ते तिने कधी मनावर घेतलं नाही.

सप्टेंबरात एके दिवशी बाराच्या सुमाराला पोतनीसांचा निरोप दिसला. सकाळीच आलेला होता, तिने उशिरा पाहिला.

“हर्षदा, वत्सलाताई नऊ दिवस बोलल्या नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन होणार होतं. त्यांच्या घरी कुणी नाही. मी सोबतीला येऊ का विचारलं, तेव्हापासून काहीच नाही. मी बार्शीला निघालोय. तुझ्याकडे पत्ता असेल तर कळव.”

तिने ऋजुताला फोन लावला. ऋजुताने तपासून सांगितलं, की यात बिघाड काही नाही. खासगी बोलण्यात प्रत्यक्ष भेटीचा विषय निघाला, की नवागताने गप्प व्हायचं, असा नियमच घातलेला होता. कुणाची फसवणूक होऊ नये म्हणून. हे सांगताना तिचाच आवाज उतरत गेला.

मग हर्षदाने पोतनीसांना फोन केला. ते गाडीत होते, आवाज तुटत होता. त्यांनी एवढंच विचारलं, पत्ता मिळाला का? सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण गाडीत, परक्या माणसांत, एकट्या बसलेल्या माणसाला हे कसं सांगायचं?

“काका, मी बार्शीला येते,” ती म्हणाली. “स्टँडवर थांबा माझ्यासाठी.”

*

तिने बिनचालकाची गाडी मागवली. रस्ता गाडी बघत होती, त्यामुळे हर्षदाला वाचायला चार तास मिळाले. तिने ऋजुताला एकच गोष्ट मागितली होती. ही बाई रचली कशातून, ते मला दाखव.

ऋजुताने सगळं पाठवलं. मागोवा आधी बघतो, की या माणसाने आयुष्यात सगळ्यात जास्त आणि सगळ्यात मन लावून कुणाला उत्तरं दिली. मग त्या माणसांच्या लिहिण्यातून तो नवा आवाज कातून काढतो. वत्सला कापसेचं इस्पितळ, निवृत्ती, गुडघा हे सगळं वरून चढवलेलं होतं. आवाज मात्र जवळजवळ सगळा एकाच सदस्येच्या पहिल्या चार वर्षांच्या लिखाणातून घेतलेला होता. हर्षदाच्या.

तिने आपलंच जुनं लिखाण उघडलं. कितीतरी वर्षांत तिने ते पाहिलं नव्हतं. ‘समजलं, पण पटलं नाही’ हे वाक्य तिचंच होतं, सतरा ठिकाणी. एका जागी ती थांबली. टेबलावर छक्की, पंजी, चौकी अशी बारकी पानं पडलेली. पोतनीसांचा ठरलेला नियम असा, की समोरच्याने आधी पैज चढवली असेल तर नवी पानं पडल्यावर आपण गप्प राहायचं, त्याला आधी बोलू द्यायचं, म्हणजे पैज लावू द्यायची. तेव्हाच्या हर्षदाने विचारलं होतं, की आधी चढवणाऱ्याकडे एक्के-राजे असणार, ही बारकी पानं त्याच्या काय कामाची? ती माझ्याच कामाची आहेत, मग मी गप्प का बसू? पोतनीसांनी समजावलं होतं, अनुभव तसा सांगत नाही. दोन दिवस वाद घालून शेवटी तिने मान्य केलं होतं.

वत्सलाबाईंनी गप्प होण्याआधी कट्ट्यावर विचारलेला शेवटचा प्रश्नही हाच होता. हातात अठ्ठ्यांची जोडी, टेबलावर छक्की, पंजी, चौकी. मी आधी का बोलू नये? त्याच्याखाली पोतनीसांनी लिहिलं होतं, “विचार करून सांगतो.”

हर्षदाने नंतर स्वतःचं पुढचं लिखाण चाळलं. ॲडमिन झाल्यापासून तिने पोतनीसांना एकही प्रश्न विचारला नव्हता. “धन्यवाद काका” तेवढं दर महिन्याला दिसत होतं.

*

बार्शीच्या स्टँडवर ती पोचली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. तिने त्यांना लगेच ओळखलं. उंच, किरकोळ अंगाचे, पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. ती जवळ गेल्यावर ते उठून उभे राहिले.

ते एक वाजताच पोचले होते आणि दोन इस्पितळं पालथी घालून आले होते. कापसे नावाची सिस्टर कुणाला ठाऊक नव्हती. एका जुन्या आयाने तर सांगितलं, चौतीस वर्षं इथं असती तर मला माहीत नसती होय? पोतनीसांचा अंदाज असा होता, की लग्नाआधीचं नाव वेगळं असेल. हर्षदाला त्यांनी बाकावर जागा करून दिली आणि पिशवी मधे ठेवली. पिशवीत घरच्या झाडाचे पेरू होते आणि गुडघ्याला बांधायचा एक नवा पट्टा.

“काका,” ती म्हणाली, “वत्सला कापसे म्हणून कुणी नाही.”

“म्हणजे, नाव दुसरं आहे?”

“नाही. माणूसच नाही. प्रोग्राम आहे. पुण्याच्या एका संस्थेने केला, आणि कट्ट्यावर आणायची परवानगी मी दिली.”

मग तिने सगळं सांगितलं. मागोवा, पाच नवागत, आपली सही, भेटीचा विषय निघाल्यावर गप्प व्हायचा नियम. ते समोर उभ्या असलेल्या लातूर गाडीकडे बघत ऐकत होते. गाडी भरली, कंडक्टरने दार ओढलं, गाडी गेली.

“आणि गुडघा?” त्यांनी विचारलं.

“गुडघाही नाही काका.”

“मग बरं झालं,” ते म्हणाले. “कुणाला दुखत तरी नाही.”

हे ते उपरोधाने बोलले नाहीत. नऊ दिवस त्यांना तीच काळजी होती, ती आधी उतरली. बाकीचं त्यानंतर हळूहळू चेहऱ्यावर आलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून ठेवला. मालतीबद्दल, म्हणजे सहा वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोबद्दल, त्यांनी वत्सलाताईंना बरंच लिहिलं होतं. मुलालाही कधी न सांगितलेलं. ते कुणी वाचलं, असं त्यांनी विचारलं. कुणीच वाचलं नाही, संस्थेच्या यंत्रात पडून आहे, असं हर्षदाने सांगितलं.

“ते मला परत पाठव आणि तिथलं पुसून टाक,” ते म्हणाले. “आजच.”

तिने त्यांच्यासमोरच ऋजुताला फोन लावून ते काम करून घेतलं. मग आवाज कुणाचा होता तेही सांगितलं. हे सांगताना मात्र तिला त्यांच्याकडे बघवेना. आपल्या नावावर केलेली चोरी आपणच कबूल करतोय, असं काहीतरी तिला वाटत होतं.

“तरीच,” पोतनीस म्हणाले, आणि त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

मग तिने विचारलं, की मार्चमध्ये तुम्ही गप्प का झालात? जाऊ दे, म्हणाले. ती थांबून राहिली. शेवटी त्यांनी सांगितलं ते असं, की डिसेंबरात एकदा जुना एक डाव शोधताना त्यांना आपल्या लिखाणावर लाल शिक्का दिसला. ‘कालबाह्य.’ पुढचं उघडलं, त्यावरही तोच. मोजायचीच सवय, म्हणून सगळे मोजले. दोनशे चौदा. समोरच्याला आधी बोलू द्या, हा जो नियम त्यांनी तेरा-चौदा वर्षं येईल त्याला शिकवला होता तो तोलने चुकीचा ठरवला होता. निदान बारक्या पानांपुरता तरी.

“त्याचा राग नाही आला मला,” ते म्हणाले. “तोलचं बरोबरच आहे. चुकीच्या जागी खुंटी मारली तर ती उपटावीच लागते. मी स्वतः उपटली असती. पण शिक्क्याखाली लिहिलं होतं, ‘तपासले, हर्षदा कोरे.’ मला वाटलं, तू एकेक वाचलंस आणि मारलास. मग म्हटलं, आता तिथं माझं काय काम? लिहिणं कमी होत गेलं आणि मार्चमध्ये थांबलंच.”

हर्षदाला आठवायला वेळ लागला. तोलची नवी आवृत्ती आली होती. जुनं सगळं लिखाण तपासून चुकीच्या सल्ल्यांवर शिक्का मारू का, असं तोलने विचारलं होतं. बाहेर पेशंट ताटकळत होते. हर्षदाने ‘हो’ दाबलं होतं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं होतं. मागोवाने चौदा वर्षांचं अक्षरन्‌अक्षर वाचलं होतं, पण माणसांनी लिहिलेलंच. शिक्के त्याच्या हिशेबातच नव्हते.

“काका, मी वाचलं नव्हतं,” ती म्हणाली. “एकही वाचलं नव्हतं. नुसतं बटण दाबलं.”

त्यांनी पहिल्यांदाच नीट तिच्याकडे पाहिलं.

“तेच जास्त वाईट आहे गं,” ते म्हणाले. “वाचून मारले असतेस तर भांडता तरी आलं असतं.”

ती रडली नाही. रडून त्यांच्यावर समजूत घालायचं ओझं टाकायचं नाही, एवढं भान तिला होतं. कोल्हापूरकडे जाणारी गाडी लागली तेव्हा ते उठले. माझ्या गाडीतून निपाणीपर्यंत सोडते म्हणाली, ते त्यांनी नको म्हटलं. पट्टा त्यांनी स्टँडवरच्या चौकशी खिडकीतल्या बाईंना देऊन टाकला, कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून. जाताना पेरूंची पिशवी बाकावरच राहिली. विसरली की ठेवली, हे हर्षदाला विचारता आलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी तिने कट्ट्यावर जाहीर केलं. ऋजुताने सहा महिने पुरे व्हायला तीन आठवडे उरलेत म्हणून थांबायला सांगितलं होतं, ते तिने ऐकलं नाही. पाचही नवागतांची नावं लिहिली, कुणाचा प्रश्न कुणासाठी रचला होता ते त्या त्या माणसाला खासगीत कळवलं, आणि संमती माझी होती, असं लिहून खाली सही केली. दोनशे चौदा शिक्क्यांबद्दलही लिहिलं.

लोकांनी जे बोलायचं ते बोललेच. वकीलबाईंनी अतिशय सभ्य भाषेत तिची सालटी काढली. कुडाळच्या भावांतला एक कायमचा गेला. आठवड्याभरात सव्वीसांतले सतरा पुन्हा निघून गेले, आणि या वेळी सांगून गेले. हर्षदाने प्रत्येकाला उत्तर दिलं. थांबा, असं कुणालाच म्हटलं नाही.

शिक्के एका बटणात निघण्यासारखे होते. ती मात्र रोज पाच लेख वाचायची आणि पाचच काढायची. वाचून जिथं खरंच चूक वाटली तिथं शिक्का काढून खाली आपलं म्हणणं लिहायची, का चूक वाटते ते. पोतनीसांकडून काहीच येत नव्हतं. तिने त्यांना फोनही केला नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर, एका रविवारी, वत्सला कापसेच्या शेवटच्या प्रश्नाखाली मोजणीदारांचं लिखाण दिसलं. वत्सला कापसे हे नाव आता राखाडी झालं होतं, शेजारी ‘रचित सदस्य’ असं लिहिलेलं होतं. पोतनीसांनी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

“वत्सलाताई,” त्यांनी लिहिलं होतं, “विचार करून सांगतो म्हणालो होतो, म्हणून सांगतो. तुम्ही नाही हे मला आता माहीत आहे. पण प्रश्न आहे, आणि तो चांगला आहे. तेरा वर्षांपूर्वी एकीने मला हाच विचारला होता, तेव्हा मी अनुभवाचं नाव सांगून तिला गप्प केलं. तिचं बरोबर होतं. छक्की, पंजी, चौकी ही पानं आधी चढवणाऱ्याच्या कामाची नसतात. अठ्ठ्यांची जोडी घेऊन तुम्ही आधी बोला, आणि मोठ्याने बोला, म्हणजे पैज मोठी लावा.” पुढे दीड पान त्याचं कारण होतं. तोलचा उल्लेख कुठंच नव्हता. सगळं त्यांनी हाताने मांडलेलं होतं, समोरच्याकडे असू शकणाऱ्या पानांची एकेक जोडी घेऊन, शेताचे तुकडे मोजावेत तशी.

हर्षदाने ते तीनदा वाचलं. आभार मानावेत असं तिला फार वाटलं, आणि तिने ते मानले नाहीत. ती सबंध दुपार कागद-पेन घेऊन बसली. फोन बाजूलाच होता, विचारलं असतं तर उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत आलं असतं. पण तिला आता काय बरोबर आहे यापेक्षा आपल्याला काय वाटतं, हे शोधायचं होतं. संध्याकाळी चारच्या सुमाराला तिला सापडलं. आधी बोलावं हे ठीक, पण मोठ्याने का? मोठ्याने बोललं तर आपल्यापेक्षा दुबळे सगळे पळून जातील आणि उरतील ते फक्त जबरे. तिथं थोडकंच बोलायला हवं.

तिने लिहिलं, “काका, समजलं. पण पटलं नाही.” आणि खाली आपलं गणित मांडलं.

सोमवारी काही आलं नाही. मंगळवारी अकोल्याच्या बँकवाल्याने मधेच तोंड घातलं, तुम्हा दोघांचंही चुकतंय म्हणाला आणि स्वतःचं तिसरंच काहीतरी लिहून गेला. तोल काय म्हणतो ते कुणी चिकटवलं नाही.

बुधवारी दुपारी एका आजींना नवं यंत्र बसवून हर्षदाने त्यांना दारापर्यंत सोडलं आणि परत येऊन कट्टा उघडला. निपाणीहून उत्तर आलेलं होतं. तीन ओळींचं. पहिल्या दोन ओळींत तिची चूक कुठं झाली ते होतं, आणि तिसरीत त्यांची स्वतःची.